गोष्टींतून कृष्णवर्णीय अमेरिकेचा इतिहास : शिक्षक-पालकांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत शिकवणारे मराठी शिक्षक, शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवणारे स्वयंसेवक आणि फेब्रुवारीत, म्हणजे शाळांतल्या कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, मुलांच्या दप्तरातून मार्टिन ल्यूथर किंग यांचं रंगवलेलं चित्र बाहेर आलं की 'आता याला काय सांगू?' असं विचारणारे आईबाबा, या सगळ्यांकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका प्राथमिक शिक्षिकेची आहेत, त्यामुळे माहितीबरोबर मतंही येतील.

इतिहास शिकवायला गोष्टच कशाला हवी?

सहा-सात वर्षांच्या मुलाला घटनादुरुस्ती समजावून काही हाती लागत नाही. पण 'तुझ्याएवढ्या एका मुलीला शाळेत सोडायला सरकारी अंगरक्षक यायचे' असं म्हटलं की पुढचा प्रश्न तेच विचारतं : का? तास तिथून सुरू होतो.

गोष्टीची एक खोडही आहे. तिला एक नायक लागतो आणि शेवट गोड लागतो. मग एका शूर मुलीने किंवा एका थोर माणसाच्या भाषणाने सगळं बदललं, अशी मुलांची समजूत होऊन बसते. म्हणून माझा एक हट्ट खाली जागोजागी दिसेल : नियम कोणी केला, तो कोण राबवत होतं आणि नायकाच्या मागे कोण कोण उभं होतं, हे गोष्टीतून गाळायचं नाही.

इतक्या लहान मुलांना वर्णभेदाचं सांगायलाच हवं का? त्यांना रंग कळतो तरी का?

कळतो. १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे प्रश्न विचारले. बऱ्याचशा कृष्णवर्णीय मुलांनीही गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या निकालाच्या तळटीपेत या कामाचा उल्लेख आहे.

आणि आपल्या घरात? 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील' हे वाक्य ज्या मुलीने ऐकलंय तिला रंग कळत नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. तिला तो आपणच शिकवलाय.

सुरुवात गुलामगिरीपासून करावी का?

नको. वर्गाला कृष्णवर्णीय माणसाची पहिली ओळख साखळदंडात झाली तर पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसतं.

मी साध्या गोष्टीने सुरुवात करते. १९६२ साली आलेल्या 'द स्नोई डे' या चित्रपुस्तकात पीटर नावाचा मुलगा लाल कोट घालून बर्फात खेळायला जातो. पावलांचे ठसे उमटवतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळतो. बस्स. पीटर कृष्णवर्णीय आहे आणि पुस्तक त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. आज यात विशेष वाटणार नाही. पण १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी ६३ प्रकाशकांच्या तीन वर्षांतल्या ५,२०६ बालपुस्तकांची पाहणी केली, तेव्हा फक्त ३४९ पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती सापडली. शंभरात सातसुद्धा नाहीत. मोठ्या मुलांना हे आकडे सांगून शाळेच्या वाचनालयातलं एक कपाट मोजायला लावा. पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा हा तास जास्त रंगतो.

पीटरचे लेखक-चित्रकार एझ्रा जॅक कीट्स गोरे होते, ज्यू स्थलांतरितांच्या घरातले. मग कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं तेव्हा का छापली जात नव्हती, हा प्रश्न मुलांनी विचारला नाही तर तुम्ही विचारा.

रूबी ब्रिजेसची गोष्ट सगळेच सांगतात. त्यात काय राहून जातं?

बरंच. आधी ठाऊक असलेला भाग : १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लीन्स शहरात सहा वर्षांची रूबी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात विल्यम फ्रँट्झ प्राथमिक शाळेत गेली. तोपर्यंत ती शाळा फक्त गोऱ्यांची होती. बाहेर जमाव ओरडत होता. रूबीला वाटलं, मार्डी ग्राची जत्रा असेल.

आता राहून जाणारा भाग. त्याच दिवशी त्याच शहरात आणखी तीन कृष्णवर्णीय मुली दुसऱ्या एका गोऱ्या शाळेत गेल्या. त्या फार थोड्या गोष्टींत येतात, कारण एकट्या मुलीचं चित्र जास्त परिणाम करतं. जमावातले लोक कोण होते? गुंड नव्हते, बहुतेक त्याच शाळेतल्या मुलांचे पालक होते, त्यांत आया पुष्कळ. त्यांनी आपली मुलं काढून घेतली. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या एकाच शिक्षिकेने शिकवायची तयारी दाखवली आणि वर्षभर रिकाम्या वर्गात एकट्या रूबीला शिकवलं. एक बाई रोज विष घालण्याची धमकी द्यायची, म्हणून रूबीने फक्त घरून आणलेला डबा खायचा असं मार्शलांनी ठरवलं. डब्याचं सांगितलं की वर्गात चिडीचूप होतं.

वडिलांची नोकरी गेली. किराणा दुकानदाराने सामान देणं बंद केलं. मिसिसिपीत दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्या आजी-आजोबांना ती जमीन सोडावी लागली. उलट बाजूही सांगा : एका शेजाऱ्याने वडिलांना काम दिलं, काहींनी घरावर पहारा ठेवला, काही जण मार्शलांच्या गाडीमागून चालत गेले. एका गोऱ्या धर्मोपदेशकाने आपल्या पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून त्याच जमावातून शाळा गाठली.

'हे खूप पूर्वीचं ना?' असं मुलं हमखास विचारतात. रूबीचा जन्म १९५४चा, म्हणजे त्यांच्या आजीच्या वयाची बाई. आणि तेव्हा ओरडणाऱ्या आयांची मुलं? तीही आज कुणाची तरी आजी-आजोबा आहेत. हे दुसरं वाक्य बोलायला जीभ अडखळते, पण बोलावं.

रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून बसमध्ये उठल्या नाहीत, असं पुस्तकात आहे. तेच सांगू का?

कृपया नको. माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये तेव्हा पुढच्या रांगा गोऱ्यांच्या आणि मागच्या कृष्णवर्णीयांच्या होत्या; गोऱ्यांसाठी जागा सोडायला नकार दिला म्हणून पार्क्स यांना अटक झाली. पण दमल्याचं कारण पार्क्स यांनी स्वतः आत्मचरित्रात खोडून काढलंय. १ डिसेंबर १९५५ला त्या ४२ वर्षांच्या होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या माँटगोमेरी शाखेच्या त्या अनेक वर्षं सचिव होत्या. कामावरून परतणारी साधी शिंपीणबाई सहज हट्टाला पेटली, हे ऐकायला गोड असलं तरी त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

त्याआधी नऊ महिने, २ मार्चला, १५ वर्षांची शाळकरी मुलगी क्लॉडेट कॉल्विन त्याच शहरात बसमधली जागा सोडायला नकार देऊन तुरुंगात गेली होती. मोठ्या मुलांना तिचीच गोष्ट जास्त भिडते. १९५६ साली बसमधला वर्णभेद ज्या खटल्यामुळे रद्द झाला, त्यातल्या चार फिर्यादी स्त्रियांत कॉल्विन होती, पार्क्स नव्हत्या.

पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. तो चालला कसा, याची गोष्ट सांगा. जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रात्रभर जागून हजारो पत्रकं चक्रमुद्रित केली. बसऐवजी लोकांना नेण्या-आणण्यासाठी मोटारींची फळी उभी राहिली. पेट्रोलला पैसे कुठून? जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण आणि तिच्या मैत्रिणी तळलेलं चिकन, सँडविच, 'पाय' (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ), केक करून विकायच्या आणि पैसे सभेत आणून द्यायच्या. कुणाची नोकरी जाऊ नये म्हणून नावं गुप्त. पैसे आले कुठून असं विचारलं तर उत्तर, 'कुठूनच नाही'. गटाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर' पडलं. किंग यांचं भाषण मुलांच्या लक्षात राहो न राहो, हे 'पाय' आणि केक लक्षात राहतात.

गुलामगिरीची गोष्ट लहानांना कशी सांगायची? भीती वाटेल ना?

मारहाणीची वर्णनं लागत नाहीत. ताटातूट आणि बंदी या दोन गोष्टी मुलांना नीट समजतात. फ्रेडरिक डग्लस लहानपणी बाल्टिमोरमध्ये गुलाम होता. मालकिणीने अक्षरं शिकवायला घेतली, मालकाने ती बंद पाडली. मग तो बाहेरच्या कामाला निघाला की खिशात पाव ठेवायचा, रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या मुलांना द्यायचा आणि बदल्यात वाचन शिकायचा. पहिलीतल्या मुलाला यातला सौदा लगेच कळतो. 'वाचता आलं तर मालकाचं काय जाणार होतं?' एवढं विचारून गप्प बसा.

हेन्री ब्राउनची बायको आणि मुलं मालकाने विकून टाकली. १८४९ साली तो साधारण तीन फूट लांबीच्या लाकडी खोक्यात बसला आणि रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सल म्हणून गेला. २७ तास, त्यातला काही वेळ डोकं खाली, पाय वर. मुलं या खोक्यावर इतकी खूश होतात की बायको-मुलांचं विसरतात. आठवण करून द्यावी लागते.

दुसरं टोकही टाळायचं : हसरे गुलाम. २०१६च्या जानेवारीत एका मोठ्या अमेरिकी प्रकाशनाने जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या गुलाम आचाऱ्यावरचं चित्रपुस्तक काढलं. हर्क्युलीस आणि त्याची मुलगी आनंदाने वाढदिवसाचा केक करतायत, अशी गोष्ट. इतका गदारोळ झाला की काही आठवड्यांतच पुस्तक मागे घ्यावं लागलं. खरा हर्क्युलीस वॉशिंग्टन यांच्या ६५व्या वाढदिवशी, २२ फेब्रुवारी १७९७ला, पळून गेला. काही आठवड्यांनी वॉशिंग्टन यांच्या घरी आलेल्या फ्रेंच पाहुण्याच्या नोकराने हर्क्युलीसच्या सहा वर्षांच्या मुलीला म्हटलं, वडील परत दिसणार नाहीत म्हणून वाईट वाटत असेल. ती म्हणाली, मला आनंदच आहे, ते आता मोकळे आहेत. केकपेक्षा ही गोष्ट सरस नाही का? आणि ती खरी आहे.

मुलांकडून प्रसंगाचं नाटक बसवून घ्यावं का?

गुलामांचा बाजार, बसमधली जागा, ओरडणारा जमाव, यांपैकी कशाचंही नाही. वर्गात एखादंच कृष्णवर्णीय मूल असेल तर कोणती भूमिका कुणाच्या वाट्याला येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. मजा करणारी मुलं मजा करून मोकळी होतात आणि ते एक मूल घरी जाऊन बोलत नाही. पत्र लिहा, नकाशा काढा, पत्रक तयार करा.

गोष्टींतलं खरं किती आणि रचलेलं किती?

पुस्तक वर्गात नेण्याआधी हे तपासाच. पळून जाणाऱ्या गुलामांसाठी गोधड्यांच्या नक्षीत सांकेतिक खुणा असायच्या, ही गोष्ट १९९९च्या एका पुस्तकामुळे पसरली. त्या काळातला पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. शाळांत मात्र कागदी गोधड्या अजून चिकटवल्या जातात. हॅरिएट टबमनने १९ फेऱ्यांत ३०० माणसं सोडवली, हा आकडा १९व्या शतकातल्या तिच्या एका चरित्रातून आला. आजचे अभ्यासक साधारण १३ फेऱ्या आणि सत्तरेक माणसं मानतात. सत्तर कमी आहेत का? एकेका फेरीत जीव जाऊ शकत होता.

लोककथा वेगळ्या. उडून आफ्रिकेला परत गेलेल्या गुलामांच्या कथा जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर सांगितल्या जातात. १८०३ साली सेंट सायमन्स बेटाजवळ इग्बो बंदिवानांनी जहाजाचा ताबा घेतला आणि गुलाम होण्याऐवजी ते पाण्यात चालत गेले, त्या घटनेशी या कथा जोडल्या जातात. इथे 'खरंच उडाले का?' हा प्रश्न मुलं स्वतःच सोडवतात. आजच्या घाना देशातल्या लोककथांतला अनान्सी हा जाळं विणणारा कोळी कॅरिबियन बेटांवर पोचला तो असाच, माणसांच्या तोंडून. सामान नेता येत नव्हतं, गोष्ट नेता येत होती.

माझी मुलगी विचारते, 'आई, मी बसमध्ये कुठे बसले असते?'

या पानावरचा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. प्रामाणिक उत्तर असं की ते समोरचा माणूस ठरवायचा, पण 'पुढे' बसण्याची खात्री नव्हती. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. १९२७ साली मिसिसिपीतल्या मार्था लम या चिनी वंशाच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेत बसू द्यायला त्याच न्यायालयाने नकार दिला. १९४१ साली कमलादेवी चट्टोपाध्याय लुइझियानात रेल्वेने जात असताना तिकीट तपासनिसाने त्यांना गोऱ्यांच्या डब्यातून उठायला सांगितलं. त्या भारतीय आहेत असं कळल्यावर त्याचा सूर मवाळ झाला, पण कमलादेवींनी ती सवलत घेतली नाही; मी रंगीत वर्णाची बाई आहे, एवढंच म्हणाल्या आणि जागेवरून हलल्या नाहीत.

मुलीला आणखी एक सांगा. वंशावर बेतलेले जुने स्थलांतर-कोटे रद्द करणारा १९६५चा कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेतच मंजूर झाला. आपण इथे राहतो त्यात माँटगोमेरीला चालत कामावर गेलेल्या माणसांचाही वाटा आहे.

गोरं मूल विचारतं, 'मी वाईट आहे का?'

नाही, असं सरळ सांगा. मग नियम करणाऱ्यांची नावं आणि हुद्दे सांगा : राज्याचे आमदार, गव्हर्नर, शाळा मंडळ. दोष धूसर ठेवला की तो सगळ्यांच्या अंगाला चिकटतो. आणि वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाकडे वळून 'तुला काय वाटतं?' असं कधीच विचारू नका. तोही सात वर्षांचाच आहे.

घरी मराठीत कोणता शब्द वापरावा?

'कृष्णवर्णीय' किंवा मुलं शाळेत म्हणतात तसं 'ब्लॅक'. जुन्या मराठी पुस्तकांतला 'निग्रो' त्या काळाचा म्हणून ओळखून द्यावा, वापरू नये. 'काळू' वगैरे घरातले विनोद मुलांसमोरच काय, मागेही नकोत.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का, की ओढूनताणून जोडायचा?

ओढायची गरज नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाचं कौतुक म्हणून. (चारच वर्षांत दक्षिणेतून केंद्राचं सैन्य निघालं आणि मुक्त झालेल्यांवर पुन्हा बेड्या घालणारे कायदे येऊ लागले, हे जोतिरावांना तेव्हा कसं कळावं?) १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. मोठ्या मुलांना ही दोन टोकं पुरतात. जात आणि वर्ण एकच आहेत असं मात्र सांगू नका. साम्य कुठे आणि फरक कुठे, हे शोधू द्या.

लहानांना मलिक अंबर सांगा. इथिओपियात जन्मलेलं मूल गुलाम म्हणून अनेकदा विकलं गेलं, दख्खनला पोचलं, निजामशाहीचा कारभारी झालं, मुघलांना नाकी नऊ आणलं, खडकी शहर वसवून नहरीने पाणी खेळवलं. ते शहर म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. कृष्णवर्णीयांचा इतिहास अमेरिकेतच सुरू होतो, हा समज या एका गोष्टीने ढिला होतो.

पुस्तक निवडताना काय बघता?

चित्रं आधी. सगळ्यांची कातडी एकाच तपकिरी खडूने रंगवलीय का? केस नीट काढलेत का? मग गोष्ट : कृष्णवर्णीय मूल स्वतः काही ठरवतं का, की शेवटी दयाळू गोरा माणूस येऊन सोडवतो? १९७० पासून दिला जाणारा कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार आफ्रिकन अमेरिकन लेखक-चित्रकारांच्या बालपुस्तकांना मिळतो. त्याची यादी चांगली सुरुवात आहे. फुकट हवं असेल तर 'द ब्राउनीज बुक' : ड्यू बॉइस आणि जेसी फॉसेट यांनी १९२०-२१ मध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी चालवलेलं मासिक, चोवीस अंक. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने ते ऑनलाइन ठेवलंय.

काही घरांत 'लिटल ब्लॅक सॅम्बो' अजून असतं. वाघ, तूप, सगळं हिंदुस्थानी वळणाचं, कारण लेखिका हेलन बॅनरमन तेव्हा भारतात राहायच्या, पुस्तक १८९९चं. अमेरिकेत त्याची जी चित्रं निघाली त्यांनी 'सॅम्बो' ही आधीपासूनची शिवी आणखी पसरवली. लहानांना वाचून दाखवू नका. सातवी-आठवीत, वेगवेगळ्या आवृत्त्यांची चित्रं शेजारी ठेवून, जरूर.

फेब्रुवारीच का?

कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी लिंकन आणि डग्लस यांच्या वाढदिवसांचा आठवडा निवडला. १९७६ पासून महिना झाला. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ऑक्टोबर. पीटरची गोष्ट पहिला बर्फ पडेल त्या दिवशी वाचा, महिन्याची वाट कशाला बघायची?

पालकांनी किंवा शाळेने आक्षेप घेतला तर?

२०२१ पासून अनेक राज्यांनी वर्णाबद्दल काय शिकवावं यावर कायदे केले आहेत. आपल्या राज्याचा मजकूर स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर घाबरू नका. पुस्तकांची यादी आधी मुख्याध्यापकांना द्या, पालकांना वर्गात बसू द्या. बहुतेक आक्षेप न वाचलेल्या पुस्तकांवर असतात.

गोष्ट वाचून झाली. आता पुढे?

रंगवायचं चित्र देऊ नका. खरा कागद दाखवा. रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या नोंदी, बोटांचे ठसे आणि त्या बसचा आराखडा अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, संकेतस्थळावर पाहता येतात. आराखड्यात त्यांची जागा दाखवलीय. त्या गोऱ्यांच्या रांगांत बसल्या नव्हत्या. मागच्या भागातल्या पहिल्या रांगेत होत्या, आणि पुढे जागा संपल्यावर ड्रायव्हरने ती रांगही रिकामी करायला सांगितली. मुलांना आधी विचारा, त्या कुठे बसल्या असतील? जवळजवळ सगळी बोटं पुढच्या सीटवर पडतात. मग आराखडा उघडा आणि गोष्टीच्या पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवून त्यातल्या चुका त्यांनाच शोधू द्या.